बिनलायसनचा उस्ताद

चाळीस वर्षं मी बुलढाण्याच्या कोर्टात वकिली केली. बांधासाठी सख्ख्या भावाचं डोकं फोडणारे पाहिले, मेलेल्या चुलत्याचा अंगठा कागदावर उठवणारे पाहिले. पण माझं डोकं गुलाबराव उस्तादाइतकं कुणी फिरवलं नाही. आणि हा माणूस माझा अशीलसुद्धा नव्हता हो! नुसता साक्षीदार होता. त्याची आठवण निघाली की अजून माझा आवाज चढतो आणि आतून बायको विचारते, "आता कोणावर ओरडून राह्यले?"

गोष्ट महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली तेव्हाची. माझी वकिली नवी होती, काळा कोट नवा होता आणि अंगात शहाणपण ओतू जात होतं. माझ्या खोलीसमोरच मोटारस्टँड. तिथे उस्तादाची जीप उभी असायची. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, हिरवा रंग उडालेली, वर ताडपत्रीचं छप्पर. हॉर्न असा की देऊळघाटात वाजला तर बुलढाण्यातल्या म्हशी बिचकाव्यात. सकाळी देऊळघाटच्या भाजीवाल्या बायांना पाट्यांसकट बाजारात आणायचं आणि दिवस मावळायच्या आत परत सोडायचं, हा त्याचा धंदा.

तसा आमच्याकडे कुठलाही क्लीनर आपल्या ड्रायव्हरला उस्तादच म्हणतो. पण नुसतं 'उस्ताद' म्हटलं की तो गुलाबराव. कारण जिल्ह्यातल्या अर्ध्या ड्रायव्हरांना त्यानंच गाडी शिकवली होती. एस.टी.वर लागलेले, ट्रकवर गेलेले, शेठजींच्या मोटारी चालवणारे, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. गुरुदक्षिणा म्हणजे एक नारळ आणि पावशेर पेढे. शिकवताना तो सांगायचा, "गाडी हातानं नाई चालत बे, बुडानं चालते. रस्ता काय म्हनून राह्यला ते बुडाले समजलं पायजे." आणि खरंच, त्याच्या जीपमध्ये भाजीवाल्या बाया डुलक्या काढायच्या, पाटीतलं एक वांगं खाली पडायचं नाही.

ठेंगणा, भरल्या अंगाचा, धोतरावर खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. मान ताठ. मागून हाक मारली तर नुसती मान वळवायचा नाही, अख्खा माणूस पायांसकट वळायचा. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे! मलाही तो रुबाबच वाटायचा.

जीप सुरू करायच्या आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, चारही चाकांना पायानं ठोकायचा आणि मग बॉनेटला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. आणखी एक होतं. उस्ताद गाडी कधी मागे घेत नसे. कधी म्हणजे कधीच नाही. जिथून समोर निघता येईल तिथेच जीप उभी करायची. वळायचं असेल तर मैलभर पुढे जाऊन मोकळ्या जागी वळसा घालायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मांगं जानं आपल्या पत्रिकेत नाई." शिष्यांना मात्र गाडी मागे घ्यायला तोच शिकवायचा. स्वतः खाली उतरून जीपच्या मागे उभा राहायचा, हातात काठी. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!" 'बस्स'ला काठी जीपच्या पत्र्यावर अशी आपटायची की शिकणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. स्टँडवर दिवसभर ते ऐकून ऐकून मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

एकदा देऊळघाटात लग्नाची वरात घेऊन तो बोळात शिरला आणि पुढे बोळ संपला. समोर भिंत, भिंतीला गाय बांधलेली. कुणीही शहाणा माणूस काय करेल? गाडी मागे घेईल. उस्ताद खाली उतरला आणि दहा वऱ्हाड्यांना म्हणाला, "उचला!" लोकांनी जीप उचलून जागच्या जागी फिरवली. बाशिंग बांधलेला नवरदेव बाजूला उभा होता तर त्यालाही सोडलं नाही. "नवरदेव, तुमीबी लावा जोर. बायको फुकट नाई भेटत." मीही त्या वरातीत होतो. माझ्या नव्या कोटाची शिवण तिथेच उसवली.

तर या उस्तादाकडे लायसन नाही, हे मला एका दुपारी चहा पिताना कळलं. मी सहज विचारलं, "उस्ताद, तुमचं लायसन कधीचं?"

"कायचं?"

"लायसन. गाडी चालवायचं."

"मले कायले पायजे? ज्याले गाडी येत नाई त्याले लायसन लागते."

मी कपाळावर हात मारला. मग मी मागे लागलो. फॉर्म आणला, स्वतः भरला. फोटो हवा म्हटल्यावर हा गडी माझाच काळा कोट मागून घेऊन फोटो काढून आला. फोटो इतका छान निघाला की फॉर्मला न लावता त्यानं चौकट करून घरात टांगला. दुसरा काढायला लावला. लायसन देणारे इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्याला यायचे, मैदानात बांबू रोवून परीक्षा घ्यायचे. आठ आकड्यासारखी गाडी फिरवायची, आधी सरळ, मग उलटी. ठरल्या दिवशी उस्ताद धुतलेला शर्ट घालून आला. जीपभोवती चक्कर मारली, चाकं ठोकली, बांबूंकडे पाहिलं. इन्स्पेक्टर पुढे आले आणि सगळ्यांदेखत उस्तादाच्या पाया पडले. त्याचाच शिष्य!

"उस्ताद, फक्त येक आठ काढून दाखवा. सरळ अन् उलटा. नियम हाये, मी काय करू?"

उस्ताद अख्खाच्या अख्खा माझ्याकडे वळला. "वकीलसायेब, ज्याचा कान धरून म्या क्लच शिकोला, त्याच्यापुढं मी परीक्षा देऊ? शोभते का हे?" आणि जीपमध्ये बसून सरळ पुढच्या फाटकातून निघून गेला. पुढच्या महिन्यात म्हणे अमावस्या होती. त्याच्या पुढच्या महिन्यात जीपला बरं नव्हतं. जीपला! मी फॉर्म फाडून टाकला आणि म्हटलं, मरा.

त्यानंतर वर्षभरातच अपघात झाला.

देऊळघाटच्या रस्त्यावर एक वळण आहे. सकाळची वेळ. जीपमध्ये भाजीच्या पाट्या आणि एकटी कौसाबाई. ही देऊळघाटची विधवा बाई, दीड एकराच्या मळ्यात वांगी-कोथिंबीर काढायची आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकायची. समोरून एक ट्रक आला. बैलगाडीला ओलांडायच्या घाईत तो ऐन वळणावर उस्तादाच्या बाजूला घुसला. उस्तादानं जीप डावीकडे खाली मातीत घातली, तरी ट्रकचा मागचा कोपरा लागलाच. जीप कलंडली. उस्ताद बेशुद्ध पडला आणि कौसाबाईचा गुडघा जीपखाली सापडला. अकोल्याला नेलं, पाय वाचला, पण गुडघा कायमचा लाकूड झाला. पाटी घेऊन चालणं संपलं, म्हणजे तिचं पोटच संपलं. तिच्या वतीनं मी त्या ट्रकच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. साधा, सरळ दावा. ट्रकची चूक दगडावरच्या रेघेसारखी स्पष्ट.

सहा महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. ते वाचून मी खुर्चीतून उठलो आणि स्टँडवर जाऊन सगळ्यांसमोर ओरडलो. का, ते सांगतो.

उस्ताद बेशुद्ध होता तेव्हा पोलीस आले. स्टँडवरच्या त्याच्या लाडक्या शिष्यांनी डोकं चालवलं. उस्तादाकडे लायसन नाही हे कळलं तर जीपच्या विम्याचा पैसा मिळणार नाही. म्हणून त्यांनी लिहून दिलं की जीप उस्तादाचा पुतण्या विठ्ठल चालवत होता. विठ्ठलाकडे लायसन होतं. पण विठ्ठल होता एस.टी.चा ड्रायव्हर आणि त्या सकाळी, त्याच वेळी, तो भरलेली बस घेऊन जळगाव जामोदच्या वाटेवर होता! कंपनीनं त्याच्या ड्युटीचा कागदच जोडला होता. एवढे ड्रायव्हर जमले होते, त्यातल्या एकालाही हे सुचू नये? आणि मीही असा बावळट की पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवून, कौसाबाईलाही न विचारता, दाव्यात विठ्ठलाचंच नाव लिहून मोकळा झालो होतो.

मी उस्ताद, विठ्ठल आणि कौसाबाई तिघांना खोलीवर बोलावलं.

"विठ्ठल, त्या दिवशी जीप कोण चालवत होतं?"

"मी."

"आणि जळगाव जामोदची बस?"

त्यानं काकाकडे पाहिलं. "थेबी मीच."

"एकाच वेळी?"

"आता कागदावर तसंच लिहेल हाये ना, सायेब."

मी टेबलावर हात आपटला. मग पाणी प्यालो आणि तिघांना लहान मुलांना सांगावं तसं समजावलं. "नीट ऐका. लायसन नसणं हा एक गुन्हा. त्याचा दंड होईल, तो भरायचा. पण अपघात कुणाच्या चुकीनं झाला, हा प्रश्न वेगळा. लायसन नाही म्हणून उस्ताद आपोआप चुकीचा ठरत नाही. चुकीच्या बाजूला कोण आलं ते कोर्ट पाहील, आणि आला तो ट्रक. खरं सांगितलं असतं तर बाईचा दावा जसाच्या तसा उभा होता! पण आता कंपनीचा वकील म्हणेल, यांचा ड्रायव्हरच खोटा, मग ट्रकची चूक तरी खरी कशावरून? सगळीच गोष्ट रचलेली. बाईला एक पैसा मिळणार नाही."

"मंग खरं सांगू," विठ्ठल म्हणाला.

"खरं सांगितलं की जीपचा विमा गेला. तिच्या पॉलिसीत अटच आहे, चालवणाऱ्याकडे लायसन पाहिजे. दुरुस्तीचे ते पैसे विसरायचे."

उस्ताद म्हणाला, "म्हंजे खरं बोललं तं माह्यी जीप गेली, अन् खोटं बोललं तं बाईचं पोट गेलं."

"बरोब्बर."

तेवढ्यात कोपऱ्यात पाय पसरून बसलेली कौसाबाई बोलली. "वकीलसायेब, दावा राहू द्या. जीप गेली तं उस्ताद खातीन काय?"

आता काय करावं माणसानं? ज्या बाईसाठी मी रात्रंदिवस कागद काळे केले, तीच म्हणते दावा राहू द्या! "बाई, तुम्ही खाणार काय?" मी ओरडलो. ती म्हणाली, "मायं पाहू." मला इतका संताप आला की मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

मागून उस्तादाचा आवाज आला. "मी सांगतो कोर्टात. मीच चालवून राह्यलो होतो म्हनून."

मी वळलो. म्हटलं, सुटलो. तर हा पुढे म्हणतो, "फक्त येक अट. लायसन काऊन नाई काढलं, हे मले कोनी इचारायचं नाई."

"मी नाही विचारणार. पण समोरचा वकील विचारेल."

"मंग मी येत नाई."

आणि गेला! गाढवापुढे वाचली गीता. अरे, सांग ना की शिष्यापुढे परीक्षा द्यायला लाज वाटली! त्यात लपवण्यासारखं काय आहे? सगळ्या स्टँडला माहीत आहे. पुढचे पंधरा दिवस मी त्याच्या दारात चकरा मारल्या. तो दाढी करत बसायचा, समोर जीपचा आरसा. हो, जीपचाच. गाडीचा आरसा काढून त्यानं केव्हाच घरी दाढीला आणला होता. मी बोलायचो, तो वस्तरा फिरवायचा. "पाहू," एवढंच म्हणायचा.

तारखेच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. बातमी पसरलीच होती, सगळे शिष्य मागच्या बाकांवर. इन्स्पेक्टरसुद्धा. ट्रकच्या ड्रायव्हरची साक्ष झाली. बैलगाडीला ओलांडत होतो हे त्यानं कबूल केलं. मग उस्तादाच्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा. कौसाबाई काठीवर हात ठेवून दाराकडे पाहत होती. तिसऱ्या पुकाऱ्याला उस्ताद आत आला, धुतलेला खाकी शर्ट, मान ताठ. त्यानं सांगितलं, जीप मीच चालवत होतो, माझ्याकडे लायसन नाही, विठ्ठलाचं नाव खोटं. मी खाली बसलो आणि पहिल्यांदा श्वास सोडला.

कंपनीचे वकील अकोल्याचे होते. मुरलेला माणूस. त्यांनी विचारलं, "ट्रक तुम्हाला दिसला होता ना?"

"हाव."

"मग गाडी मागे का नाही घेतली?"

उस्तादानं डोक्याचा रुमाल नीट केला.

"मागे घेतली असती तर अपघात टळला असता. का नाही घेतली?"

उस्तादाचे हात कठड्यावर घट्ट झाले. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला आणि मला स्वतःला थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पत्रिका, बोळातली वरात, उलटा आठ, अमावस्या… अरे देवा!

"मले गाडी मांगं घेता येत नाई," उस्ताद म्हणाला. "ल्हानपनी मोटंच्या हिरीत पडलो होतो. तवापासून मान मांगं वळत नाई. म्हनून परीक्षा नाई देल्ली. म्हनून लायसन नाई."

मागच्या बाकांवर शिष्यांनी माना खाली घातल्या. इतक्या वर्षांचा रुबाब एका वाक्यात गेला होता.

अकोल्याचे वकील आनंदानं उभेच राहिले. "पाहा! परीक्षेत नापासच झाला असता असा ड्रायव्हर. चूक याचीच!"

न्यायाधीश शांत गृहस्थ होते. त्यांनी उस्तादालाच विचारलं, "गाडीला आरसा नव्हता का?"

"दाढीले नेला, सायेब."

कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "ट्रक दिसल्यापासून धडक बसेपर्यंत किती वेळ गेला?"

"राम म्हनाले जेवढा लागते तेवढा."

"आणि ट्रक आला कुठून? मागून की समोरून?"

"समोरून, सायेब."

न्यायाधीश त्या वकिलांकडे वळले. "ट्रक समोरून आला. चुकीच्या बाजूनं आला. मग या माणसाच्या मानेचा आणि लायसनचा त्या धडकेशी संबंध काय, हे आपण मला सांगा." वकिलांनी पुष्कळ सांगितलं. पण निकाल लागला तेव्हा चूक ट्रकचीच ठरली आणि कौसाबाईला पूर्ण भरपाई मिळाली. त्यातून तिनं मळ्यावर माणूस ठेवला आणि बाजारात भाजीची हातगाडी घेतली.

उस्तादाला दुसऱ्या कोर्टात बिनलायसन गाडी चालवल्याचा दंड झाला. जीपच्या विमा कंपनीनं पैसा देणार नाही असं पत्र पाठवलं. जीप भंगारात गेली.

साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाबाहेर शिष्यांचा घोळका नुसता उभा होता. शेवटी विठ्ठलच म्हणाला, "काका, मंग आमाले उलटी गाडी कशी शिकोली तुमी?"

"मले येत नाई म्हनूनच तं नीट शिकोली बे. ज्याले येते तो दुसऱ्याले घाई करते." एवढं म्हणून उस्ताद सरळ समोर निघून गेला. मी मागून हाक मारली. पहिल्यांदाच तो वळला नाही.

त्यानंतर तो स्टँडवर दिसेनासा झाला. मी दोनदा घरी गेलो, दोनदा तो घरात नव्हता. मला राग आला. एवढं बोलायचं होतं ते आधी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी म्हटलं असतं, बाबा रे, ट्रक समोरून आला! लाज कवटाळून बसला आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. माझं असं आहे, माणसावर माया असली की मला त्याचा जास्तच राग येतो.

नंतरच्या वर्षी आठवडी बाजारात मी वांगी घेऊन एका अरुंद गल्लीतून परतत होतो. पुढे एक हातगाडी चालली होती. गाडीवर भाजी, आणि भाजीच्या पलीकडच्या कडेला, गुडघा सरळ पसरून, कौसाबाई बसलेली. हातात काठी. गाडी लोटणाऱ्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे त्याच्या पाठीमागचं सगळं तिला दिसत होतं. लोटणाऱ्याची मान ताठ.

समोरून बैलगाडी गल्लीत शिरली. जागा नव्हती. हातगाडी मागे घ्यावीच लागणार होती. मी थांबलो. म्हटलं, आता हा बैल उचलायला लावतो का काय!

कौसाबाईनं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "येऊ द्या, उस्ताद," ती म्हणाली. "येऊ द्या… येऊ द्या…" आणि तो न वळता, न पाहता, एकेक पाऊल मागे येऊ लागला. तिच्या आवाजावर. माझ्या पायांपासून हातभर राहिला तेव्हा तिनं काठी फळीवर हाणली. "बस्स!"

तो जागच्या जागी थांबला. बैलगाडी घासून निघून गेली.

"मांगं कोनी हाये काय?" त्यानं तिला विचारलं.

"वकीलसायेब हायेत."

"चिडेल हायेत का?"

कौसाबाईनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "आज नाई."